आप्पांचा उजवा पाय

लिंबू कापलं की आतून रक्त येतं — ही करामत मी दर वर्षी सातवीच्या वर्गात करून दाखवते. सुरीच्या पात्याला आधीच आंबटाने लाल होणारं मिथिल ऑरेंज चोपडून ठेवायचं, झालं काम. पोरं आधी किंचाळतात आणि गुपित कळलं की एकमेकांना टपल्या मारतात. सोळा वर्षं झाली जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतेय, सध्या हसनाबादच्या बाजूला आहे. एकदा भर जत्रेत अंगात आलेल्या बाईला मी सतराचा पाढा म्हणून दाखव म्हटलं होतं, त्यावरून सासूबाईंनी माझ्याशी दोन महिने अबोला धरला होता. तेव्हा या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर कशाला वाचायचे, तर हसायला. आज मीच लिहायला बसलेय... हसा खुशाल. पण शेवटपर्यंत वाचून मग हसा, एवढीच विनंती.

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. वय सत्तरीच्या आसपास, नक्की त्यांनाही माहीत नाही. आमचं गाव घनसावंगीच्या अलीकडे. घराणं मेंढपाळांचं. आप्पांची ऐन उमेदीतली पंचवीस वर्षं मेंढरांमागे चालण्यात गेली — दिवाळी झाली की निघायचे, ते पावसाळ्याच्या तोंडावर घरी. पुढे मेंढरं विकून थोडी जमीन केली, कापूस-तूर घ्यायला लागले, पण चालणं काही सुटलं नाही. घनसावंगीची जीप दारात येऊन थांबली तरी हा माणूस "व्हा तुमी म्होरं" म्हणून पायी निघणार. आई कपाळावर हात मारून घ्यायची.

मग शुगर निघाली. चार वर्षांपासून पायांना काही जाणवेनासं झालं. एकदा चुलीपाशी निखारा उजव्या पायाखाली आला तर यांना पत्ता नाही, कातडं जळाल्याचा वास आईला आला तेव्हा कळलं! गेल्या वर्षी तुरी काढणीला आल्या त्या दिवसांत त्याच पायाला जखम झाली, चिघळली, काळी पडत गेली. आम्हाला कळवलं तेव्हा फार उशीर झाला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी मशीन लावून आम्हाला ऐकवलं. डाव्या पायाला रक्त वाहिल्याचा सूं-सूं आवाज आणि उजव्याला घोट्याखाली काहीच नाही... नुसती खरखर. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल म्हणाले. परवा सकाळी नऊ वाजता, त्याच्यापुढे एक दिवसही नाही. थांबलात तर विष वर चढेल आणि माणूस हातचा जाईल.

आप्पा म्हणाले, "न्हाई."

"आप्पा, जीव जाईल."

"जाऊ दे मंग. दोन पायानं जातो. खुटावानी बसून म्या करू काय?"

वर दवाखान्यात भरती व्हायलाही तयार नाहीत. म्हणे, हितं निजलो की झोपीत कापून टाकतेन. डॉक्टर वैतागले. शेवटी पुण्याहून माझ्या भावाने, संतोषने, फोनवरून तोडगा काढला. दवाखान्याच्या बराबर समोर, अंबडकडे जाणाऱ्या रस्त्याला एक मोठं हॉटेल आहे, तिथे त्याने मोबाइलवरून खोली घेऊन टाकली. "ताई, फुल सर्व्हिस आहे. जेवण रूममध्ये येतं, लिफ्ट आहे, व्हीलचेअर आहे. सिस्टर समोरून येऊन ड्रेसिंग करून जातील. आता दोन दिवसांत तू त्यांची सही घे." म्हणजे हा तिकडून बटणं दाबणार आणि आप्पांशी डोकं मी लावणार. पण खरं सांगायचं तर तेव्हा दुसरा मार्ग नव्हता.

हॉटेलचं खरं खरं सांगते, कारण पुढे जे झालं त्यात कुणाला वाटायला नको की जागाच तशी होती. पडकं नाही, जुनं नाही, कुणी मेलंबिलं नाही. चार मजले, काचेचा दरवाजा, आत शिरल्याबरोबर फिनेल आणि गुलाबाचा वास. आम्हाला तिसऱ्या मजल्यावर तीनशे चार नंबर दिला. कुलपाला किल्ली नाही, कार्ड. ते कार्ड आत भिंतीतल्या खाचेत घातलं तरच दिवे लागतात. मी पहिल्यांदा कार्ड घेऊन खाली चहाचं विचारायला गेले तर आप्पा अंधारात! परत आले तर म्हणतात, "दिवा घिऊन गेल्ती काय पदरात बांधून?"

गादी इतकी मऊ की आप्पा मला हाक मारून म्हणाले, "बुडून राह्यलो सवे, धर." पांघरूण असं घट्ट खोचलेलं की आत शिरायला जागा नाही. आणि बाथरूमची भिंत काचेची! मी स्वतः चक्रावले, मग एक पडदा सापडला तो खाली ओढला. आप्पांनी ते सगळं बघितलं आणि म्हणाले, "न्हानीला काचंची भित? ह्येंला लाज हाय का न्हाई?" सकाळच्या नाश्त्याला खाली अठरा प्रकार मांडलेले, त्यात पोहे गोड. आप्पांना हवी भाकरी. फोनवर नऊ दाबून मी भीत भीत विचारलं तर अर्ध्या तासात ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा, झाकण लावलेल्या ताटात आणि वर गुलाबाची पाकळी. पाकळी आप्पांनी उचलून खिशात टाकली. सोय चोख होती, माणसं नम्र होती. मला एकच गोष्ट खटकत होती... तीन-तीन उशा, थंडगार हवा, आणि मधोमध बसलेला एक माणूस जो मरायला तयार होता.

भांडण झालं ते फक्त वहाणांवरून.

आप्पांचा उजवा पाय बँडेजमध्ये, दोन महिन्यांत जमिनीला टेकलेला नाही. तरी हे घरून निघताना मांडीवर पिशवी, आणि पिशवीत वहाणा. जाड टाचेच्या, टायरचा तळ असलेल्या, गावच्या माणसाने शिवलेल्या. खोलीत आल्या आल्या म्हणाले, "वहाना भाईर ठेव." आमच्यात वहाणा दाराच्या आत कधी येत नाहीत. मी म्हटलं, आप्पा, हे हॉटेल आहे. तर म्हणे, "मंग काय झालं? हाटेलाला उंबरा न्हाई व्हय?" ठेवल्या बाई बाहेर. दहा मिनिटांत बेल.

दारात रफिकभाई. हाऊसकीपिंगचे सुपरवायझर, पन्नाशीचे, दाढीला मेंदी, बोलायला एकदम अदब. "मॅडम, कॉरिडॉरमध्ये चप्पल अलाऊड नाही. कुणाचा पाय अटकला तर आमच्यावर येतं." मी आत घेतल्या. आप्पांनी पुन्हा बाहेर ठेवायला लावल्या. असं तीनदा झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र रफिकभाईंनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, पिशवीला माझ्यासमोर गाठ मारली, त्यावर तीनशे चारची चिठ्ठी अडकवली आणि म्हणाले, "खाली माझ्या कपाटात कुलपात ठेवतो. जाताना घेऊन जा, बाबांची अमानत आहे." आप्पांनी तोंड एवढंसं केलं.

तो दुसरा दिवस. अकरा वाजता दवाखान्यातून सिस्टर आल्या, ड्रेसिंग उघडलं. मोबाइलचा टॉर्च मी स्वतः धरला होता. अंगठ्यापासून टाचेपर्यंत सगळा तळवा आम्ही दोघींनी बघितला, पुसला, औषध लावलं. सिस्टरने नवीन बँडेज बांधून वर पांढरी पट्टी चिकटवली आणि त्या पट्टीवर पेनाने तारीख, वेळ आणि स्वतःची सही केली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, वास वाढलाय. उद्या नाही झालं तर मग नका आणू."

मग मला राहवलं नाही. मी बोलायला फटकळ आहे, त्या दिवशी तर ताळतंत्रच सुटला.

"असं काय करून राह्यले आप्पा तुमी? तिकडं आईला गुडघ्यानं उठता येत न्हाई, तरी ती शेरडं बघून राह्यली, तुमची वाट बघून राह्यली. तिला काय सांगू? दोन पायानं गेले म्हणून सांगू? लय मोठी मर्दुमकी केली म्हणून?"

आप्पांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "तुला न्हाई कळायचं, बाई. तू पायानं कुठं गेली हाईस?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी रडले. मग तोंड धुतलं, आणि चाचणीचे पेपर तपासायला घेतले, कारण हाताला काहीतरी हवं होतं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. पलंग आणि दार यांच्या मध्ये व्हीलचेअर आडवी लावलेली. आप्पा घोरत होते, त्यांच्या घोरण्यात शेवटी एक बारीक शिट्टी असते, ती येत होती. मी तेवीस पेपर तपासले. डुलकी लागली असेल असं तुम्ही म्हणाल म्हणून सांगते, तेवीसच्या तेवीस पेपरांची बेरीज नंतर संतोषने पडताळली, एकही चूक नाही.

तीन-सव्वातीनच्या सुमाराला बेल वाजली. दार उघडलं तर रफिकभाई, आणि त्यांच्या तोंडावर अख्खं हसू.

"मुबारक हो मॅडम! आधी का नाही सांगितलं? बाबा तो एकदम फर्स्टक्लास चालतात! मी सलाम केला तर मान हलवून गेले. मी म्हटलं रस्त्यावर गाड्या आहेत, मॅडमला सांगावं..."

"कोण बाबा?"

"आपले बाबा. अभी नीचे गये ना, पाच मिनिटांपूर्वी."

मी दारातून बाजूला झाले. रफिकभाईंनी आत बघितलं. आप्पा भिंतीकडे तोंड करून झोपलेले, बँडेज केलेला पाय उशीवर, शिट्टी चालू. रफिकभाईंचं हसू हळूहळू उतरत गेलं. त्यांनी चौकटीला हात टेकवला. "या अल्लाह," एवढंच म्हणाले.

मला आधी रागच आला. म्हटलं, दुसरा कुणी म्हातारा असेल, सगळे म्हातारे यांना सारखेच दिसतात! पण रफिकभाई म्हणाले, "बहेन, चला. कॅमेरा आहे. तुम्ही स्वतः बघा." मघापर्यंत मॅडम होते, आता बहेन. मी दार ओढून घेतलं, दाराला बाहेरून ढकलून बघितलं, आणि त्यांच्याबरोबर खाली मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

मॅनेजरने तिसऱ्या मजल्याचं रेकॉर्डिंग मागे नेलं. कॅमेरा लिफ्टच्या वर आहे, त्यात अख्खा कॉरिडॉर दिसतो, आमचं दार मात्र भिंतीच्या खाचेत असल्यामुळे दिसत नाही. कॉरिडॉर रिकामा. तीन वाजून सहा मिनिटं. आणि त्या खाचेतून आप्पा बाहेर आले.

आप्पाच होते. कॅमेऱ्याकडे चालत येत होते, चेहरा लख्ख दिसत होता. अंगात संतोषने आठवड्यापूर्वीच पाठवलेला निळा स्वेटर. खांद्यावर आडवी काठी आणि काठीवर दोन्ही हात टाकलेले, मेंढरांमागे चालताना टाकायचे तसे. आम्ही येताना काठी आणलीच नव्हती! पायात वहाणा. उजव्या पायाला बँडेज नाही, काही नाही. लंगडणं तर सोडाच, आप्पा असे चालत होते जसे मी त्यांना लहानपणी बघितलं होतं... मला मागे पळावं लागायचं. लिफ्टकडे ढुंकूनही न बघता ते जिन्याकडे वळले. मग खालच्या कॅमेऱ्यात दिसले. रफिकभाई सलाम करताना दिसले. आप्पांनी मान हलवली, काचेचा दरवाजा त्यांच्यासाठी आपोआप उघडला, आणि ते बाहेर रस्त्याला लागले.

आम्ही ते चार वेळा बघितलं. तिसऱ्या वेळी मॅनेजर उठून बाहेर निघून गेला. "जुनं रेकॉर्डिंग आहे" हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, पण ते जुनं कुठून असणार? आप्पा त्या हॉटेलात आले ते व्हीलचेअरवर, आणि तो स्वेटर आठवड्यापूर्वी आमच्याकडे नव्हताच.

तेवढ्यात रफिकभाई एकदम म्हणाले, "चप्पल! चप्पल तर माझ्याकडे आहे!"

कपाट तळमजल्यावरच होतं. किल्ली त्यांच्या कमरेला. कुलूप उघडलं, वरच्या कप्प्यात पिशवी जशीच्या तशी. चिठ्ठी तीच, गाठ तीच. गाठ त्यांना नखांनी सोडवता येईना, शेवटी त्यांनी प्लास्टिक फाडलं. आतून वास आला ओल्या मातीचा. दोन्ही वहाणांना तळापासून अंगठ्यापर्यंत काळा चिखल, ओला, हाताला लागेल असा. पिशवीच्या तळाशी गढूळ पाणी साचलेलं. सकाळी त्या वहाणा कोरड्या होत्या, मी पाहिल्या होत्या. बाहेर सगळा सिमेंटचा रस्ता, थंडीचे दिवस, पावसाचा थेंब नाही. रफिकभाई खाली फरशीवरच बसले. मी त्यांच्या शेजारी बसले.

वर आले तेव्हा आप्पा जागे होऊन बसले होते. तोंड घामाने डबडबलेलं.

"पानी दे गं."

दोन ग्लास प्यायले. मग म्हणाले, "भूक लागली. लई चाललो."

मी पलंगाच्या कडेला टेकले. पाय बघितला. बँडेज पांढरंशुभ्र, पट्टी जागच्या जागी, सिस्टरची सही जागच्या जागी. पट्टीचा कोपराही उचकटलेला नव्हता.

"कुठं गेल्ते आप्पा?"

"कुठं म्हंजी? घरून निघलो, जांबाकडून खाली, वढा वलांडला. गंगंपातूर गेल्तो." जांब आमच्या शेजारचं गाव, आणि गोदावरीला आमच्याकडे गंगा म्हणतात. जालन्यापासून ती साठ किलोमीटरच्या वर आहे. "पानी हाय अजून. त्या काठाला आता ऊसच ऊस करून ठिवलाय लोकायनं, मेंढरं बसवायला जागा न्हाई ऱ्हायली."

"मेंढरं होती बरोबर?"

"न्हाई. येकलाच."

स्वप्न पडलं असेल म्हणावं, तर खाली कपाटात चिखल. आप्पांनी दोन्ही हातांनी उजवा पाय गुडघ्याशी धरला, हलकेच दाबला, आणि म्हणाले, "समदं दावून आनलं त्येला. आता न्या म्हनाव. दे तो कागद, कुठं सही करायची?"

दोन दिवस मी ज्या सहीसाठी हातापाया पडत होते ती आप्पांनी हॉटेलच्या पेनाने, एकेक अक्षर जुळवत करून दिली. मी संतोषला फोन केला, "केली सही," एवढंच सांगून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आप्पांना आत घेतलं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, आप्पा जागेच होते. मी दाराबाहेर बाकड्यावर. वीस मिनिटं झाली नसतील, तर डॉक्टर स्वतः बाहेर आले. मास्क खाली, चेहरा लालबुंद.

"मॅडम, काल पेशंटला चालायला लावलं होतं तुम्ही?"

"नाही हो. त्यांना उभंही राहता येत नाही."

"मग हे काय आहे?"

त्यांच्या हातात स्टीलची छोटी तबकडी होती. तबकडीत बाभळीचा काटा. बोटाएवढा, बुडाशी अजून हिरवा, ओला.

"तळव्यात रुतलेला होता, करंगळीच्या खाली. पार आत." त्यांनी स्वतःच्या तळहातावर जागा दाखवली. "बँडेज मी स्वतः उघडलं. सिस्टरची पट्टी होती तशी होती."

सिस्टर त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्या नुसत्या मान हलवत होत्या, डोळ्यांतून पाणी. "सर, काल काही नव्हतं. ताईंनी टॉर्च धरला होता. विचारा त्यांना."

"नव्हतं," मी म्हटलं. "मी बघितलंय."

डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले, "काटा उपसला तर रक्त आलं."

"येणारच ना काटा उपसल्यावर..."

"मॅडम, तुमच्या लक्षात येत नाहीये. त्या भागात रक्त नाही. म्हणून तर पाय काढतोय आपण! काटा उपसला आणि लाल, ताजं रक्त आलं. आम्ही चौघांनी बघितलं. लगेच मशीन लावलं, दोनदा लावलं. आवाज शून्य. आता मला सांगा... मी हा पाय काढू का थांबू?"

डॉक्टर मला विचारत होते! ज्यांनी दोन दिवसांपूर्वी मला बोट दाखवून सांगितलं होतं की एक दिवसही नाही. रक्त आलं म्हणजे पाय जिवंत असेल तर? दोन दिवस थांबलो तर कदाचित... आणि थांबलो आणि विष चढलं तर? आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. शाळेत पोरांना सांगते, डोळ्यांना दिसतं ते तपासून घ्या, मग माना. इथे डोळे एक सांगत होते आणि मशीन एक.

आतून आप्पांचा आवाज आला. दार अर्धं उघडं होतं.

"सवे, कामून थांबवून राह्यली त्येंला? म्या सांगून आलोय ना तिकडं समद्यांला!"

मी डॉक्टरांना म्हटलं, "घ्या."

पाय काढला. तपासणीला पाठवला, आठ दिवसांनी रिपोर्ट आला. घोट्याखालचा सगळा भाग कित्येक आठवड्यांपूर्वीच मेलेला होता, थांबला असतात तर पेशंट गेला असता, असं डॉक्टरांनी तो कागद माझ्यासमोर धरून सांगितलं. रक्ताचं विचारलं तर त्यांनी कागदाची घडी घातली. तो काटा मी मागून घेतला होता. शाळेतल्या मायक्रोस्कोपखाली ठेवून बघितला. बाभळीचा काटा आहे, आणखी काही नाही. हॉटेलात मी महिन्याभराने गेले तेव्हा रेकॉर्डिंगवर नवीन रेकॉर्डिंग चढलेलं होतं, आणि त्या दिवशी केबिनमध्ये मोबाइल माझ्या हातात असून मला त्याची आठवण झाली नव्हती. रफिकभाई मात्र आहेत. ते कुणालाही शपथेवर सांगतात, पण बोलता बोलता खाली बसतात.

एक राहिलं. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा वॉर्डात पडल्या पडल्या म्हणाले, "सवे, पाय बोचून राह्यला."

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होतं, नसलेला पाय दुखतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मी समजुतीने म्हटलं, "आप्पा, पाय काढलाय आता. तसं वाटतं काही दिवस."

"ते म्हाईत हाय गं. काटा काढला का पर त्येंनी?"

काट्याचं त्यांना कुणी सांगायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. डॉक्टरांचं बोलणं अर्ध्या दारातून ऐकू गेलं असेल, असं मी मलाच समजावलं, अजूनही समजावते.

"कुठला काटा?"

"येताना भरला. वढ्याच्या उताराला. हातानं निघंना, म्हनलं ऱ्हाऊ दे, तिथं डाक्टर काढतेन." आप्पांनी चादर बाजूला केली, आणि जिथे पाय नव्हता तिथे, रिकाम्या गादीवर, बोट ठेवलं. "हितं. करंगळीच्या खाली."

"काढला आप्पा," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि कुशीवर वळून झोपले.

आप्पा आता गावाकडे आहेत, कुबड्या घेऊन शेताच्या बांधापर्यंत जातात, आईशी भांडतात, शेरडांवर ओरडतात. पायाबद्दल एका शब्दानेही कुरकुर नाही. त्या दिवशीचं विचारलं तर म्हणतात, "सांगितलं ना गेल्तो म्हनून, कितींदा इचारती?" तुमच्यापैकी कुणाकडे याचं काही स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, चार शिव्या घातल्या तरी चालतील, मी वाचेन. माझ्याकडे नाही. त्या दारात उभी राहून मी "घ्या" म्हटलं ते मशीनवर विश्वास ठेवून, का आप्पा खरंच चालून आले होते यावर विश्वास ठेवून, हे वर्ष होत आलं तरी मला सांगता येत नाही.